वाकडं अंगण

नाचता येईना, अंगण वाकडं.
इथे मात्र अंगणच वाकवतात,
सेकंदाला हजार वेळा,
आणि नाचणारा म्हणजे
चारशे वर्षांपूर्वी घरून निघालेला उजेड.

उत्तर चिली, तालतालच्या वरचा डोंगर,
जिथे पाऊस ही ऐकीव गोष्ट आहे.
यास्ना कोल्के खुर्चीत मांडी घालून बसलीय.
पडद्यावर तारा
उकळीला आलेल्या तेलासारखा थरथरतोय.
समुद्राकडून वारा चढलाय आज.

आरसा तळहाताएवढा, पापडाहून पातळ.
त्याच्या पाठीला दोनशे एक्केचाळीस बोटं,
ढकलणारी, ओढणारी,
केसाच्या जाडीचा कितवा तरी हिस्सा.
हवेनं जेवढं वाकडं केलं
तेवढंच वाकडं, उलट्या अंगानं.

अठ्ठ्याऐंशी नंबरचं बोट मंगळवारी मेलं.
नवं येतंय; कागद अंतोफागास्ताच्या कस्टममध्ये अडकलेत.
तोवर सत्त्याऐंशी आणि एकोणनव्वद
थोडं थोडं जास्त वाकतात.
कुणी सांगितलं नाही त्यांना.
म्हणजे, सांगितलंय. यास्नानंच,
सहा ओळींत, शिव्या घालत, बुधवारच्या पहाटे.

दोन वाजता दॉन ओसवाल्दो थर्मास घेऊन येतो.
बस चालवतो तो इथली. त्याआधी तीस वर्षं
बुडी मारून तळाचे शिंपले काढायचा.
"हवा म्हणजे पाणीच की," तो म्हणतो,
"तळाचं नाणं मला तीन ठिकाणी दिसायचं.
मी थांबायचो. पाणी निवळायचं."
"आम्हाला थांबता येत नाही," ती म्हणते,
"म्हणून आम्हीही डुचमळतो. उलटे."
तो कप भरतो. पटलेलं नाही त्याला.

टेबलाच्या कडेला तिचं दुसरं काम पडलंय:
कोटाच्या बटणाएवढं भिंग,
दोन काचांत कोंडलेला द्रव,
धड पाणी नाही, धड स्फटिक नाही.
रेणू वाहतातही आणि रांगेतही उभे राहतात,
बँकेपुढच्या पेन्शनरांसारखे.
वीज दिली की सगळे एकदम मान वळवतात,
आणि काच जागची न हलता
जवळचं लांब होतं, लांबचं जवळ.
ताऱ्याच्या कामाचं नाही. फार सावकाश.
मान वळवून होईतो
हवा शंभर वेळा बदललेली असते.

"डोळ्याला लावा," ती म्हणते. "गंमत म्हणून."
तो आधी बसचं वेळापत्रक वाचतो.
मग ट्यूनाच्या डब्यावरची तारीख.
"मार्चमध्येच संपलाय हा!"
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
स्वतःचा अंगठा भिंगाखाली धरतो.
नखाशेजारी कातडीत एक काळा ठिपका:
समुद्रातल्या साळूचा काटा,
सत्त्याऐंशी सालचा,
जो निघाला असं डॉक्टरनं शपथेवर सांगितलं होतं.

तो बराच वेळ बघतो.
ती एक व्होल्ट कमी करते, परत वाढवते.
ठिपका जातो, येतो.
"सावकाश आहे म्हणालीस ना?" तो म्हणतो.
"मला एवढा वेग पुरे."

तीन वाजून दहा.
आरसा हवेच्या मागे धावतोय,
म्हणजे एका हजारांश सेकंदानं कायम मागेच,
पण आता पडद्यावरचा तो ढेकळासारखा उजेड
आवळत जातो, आवळत जातो,
आणि मधोमध एक काळी फट पडते.
एक तारा नव्हताच. दोन होते.
यास्ना काही बोलत नाही. नोंदवहीत वेळ लिहिते,
खाली: ८८ मृत, शेजारी सांभाळून घेतायत.

उजाडताना ती वीज बंद करते.
बोटं सैल पडतात.
आरसा आता सपाट झाला असेल, असं ओसवाल्दोला वाटतं.
नाही होत. कुणी ओढत नसलं, ढकलत नसलं,
तरी त्याची स्वतःची अशी एक वाकडी घडण असते,
जन्माची. ती मोजून ठेवलेली आहे.

खाली उतरताना बसमध्ये ती झोपते.
तो आरशात एकदा बघतो तिच्याकडे,
एकदा स्वतःच्या अंगठ्याकडे.
काटा आता दिसत नाही.
पण त्या जागेवर स्टिअरिंग
तो जरा हलकं धरतो.